जुन्या लॅपटॉपवरचं लायसन्सचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावर लॅपटॉप लवकर थकतो. खारी हवा, चार महिन्यांचा ओलावा आणि कमी-जास्त होणारी वीज यांपुढे मशीनचं फार चालत नाही. त्यामुळे "नवा घेतला, आता जुन्यातलं टॅली, फोटोशॉप, श्रीलिपी यात कसं आणायचं?" हा प्रश्न आमच्या दुकानात रोजचा झाला आहे. (टॅली हिशेबाचं, फोटोशॉप फोटोचं आणि श्रीलिपी मराठी टायपिंग-फॉन्टचं सॉफ्टवेअर.) विचारणाऱ्यांत आंबा-काजूचे व्यापारी, स्टुडिओवाले, डीटीपी करणारे, ठेकेदार, पतसंस्थांचे लिपिक असे सगळे असतात. सारखे येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे: जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या. बंद पडलेल्या मशीनमधून फाइली काढून देता येतात, लायसन्स नाही.

१. सॉफ्टवेअरचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि नव्या लॅपटॉपवर टाकलं, तरी ते उघडत नाही. असं का?

इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर आपल्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि इतर बऱ्याच जागी करून ठेवतं. फोल्डर उचललं तरी त्या नोंदी मागेच राहतात. शिवाय फोल्डर म्हणजे लायसन्स नव्हे. जमिनीवर उभं राहिलं म्हणून जमीन आपली होत नाही, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं. तसंच इथे आहे. नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरून किंवा मूळ सेटअपवरून नव्यानं इन्स्टॉल करायचं, आणि जुन्यातून फक्त आपलं काम आणायचं: डेटा, टेम्प्लेट, फॉन्ट, प्रीसेट, आउटलुकच्या पीएसटी (ईमेल साठवणाऱ्या) फाइली.

२. माझं लायसन्स नेमकं कशाशी बांधलेलं आहे, हे कसं ओळखू?

पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचं मूळ इथे आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

काही लायसन्स खात्याशी बांधलेली असतात. मायक्रोसॉफ्ट ३६५, अडोबी क्रिएटिव्ह क्लाउड, हल्लीचं ऑटोकॅड ही त्यातली. सॉफ्टवेअर उघडताना ईमेल आणि पासवर्ड विचारत असेल आणि पैसे दर महिन्याला किंवा दर वर्षाला जात असतील, तर तुमचं लायसन्स या प्रकारातलं. हलवायला हे सगळ्यात सोपं.

काही लायसन्स मशीनशी बांधलेली असतात. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज आणि बहुतेक वेळा त्याच्यासोबत आलेलं ऑफिस यात येतं. ती त्या लॅपटॉपबरोबरच संपतात.

तिसऱ्या प्रकारात कंपनीच्या सर्व्हरवर "हा सिरीयल नंबर या मशीनवर चालू आहे" अशी नोंद असते. टॅली आणि बरेचसे अँटीव्हायरस असे चालतात. इथे आधी जुन्या मशीनवरून लायसन्स सोडायचं, मग नव्यावर घ्यायचं. हा क्रम चुकला की बहुतेकांचं काम अडतं.

चौथा प्रकार डोंगलचा, म्हणजे यूएसबीला लावायच्या लॉकचा. लॉक ज्या मशीनला, लायसन्स त्या मशीनवर.

जुन्या लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी उघडा, तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक विकतच्या सॉफ्टवेअरपुढे यातला प्रकार लिहा. सोबत खरेदीचं बिल आणि ज्या ईमेलवर नोंदणी झाली तो ईमेल. तो ईमेल कोणाचा आहे हे नीट बघा. का ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. बदल करायला चांगली वेळ कोणती?

पावसाच्या आधी. कोकणात पाऊस साधारण ७ जूनच्या आसपास येतो, आणि त्यानंतर लाइट आणि नेट दोन्ही एकाच वेळी सलग दोन तास मिळतील याची खात्री नसते. लायसन्स सोडणं आणि घेणं, दोन्हीला नेट लागतं. मधेच लाइट गेली आणि लायसन्स जुन्यावरून सुटलं पण नव्यावर बसलं नाही, तर फार बिघडत नाही, पण त्या दिवसाचं काम बुडतं.

आंबा व्यापाऱ्यांनी मार्च ते मे या काळात हात लावू नये, जानेवारी-फेब्रुवारीत उरकावं. जीएसटी दर महिन्याला भरणाऱ्यांनी ११ तारीख (जीएसटीआर-१) आणि २० तारीख (जीएसटीआर-३बी) टाळून २१ नंतरचे दिवस धरावेत. गणपतीच्या आठवड्यात तर सुरूच करू नका. इथे मदतीला माणूस मिळत नाही.

नवा लॅपटॉप आला म्हणून जुना लगेच विकूही नका. निदान एक जीएसटी रिटर्न आणि एक पूर्ण काम (एखादा अल्बम, एखादं टेंडर) नव्यावरून पार पडेपर्यंत तो घरात असू द्या.

४. जुन्या लॅपटॉपचं विंडोज नव्यावर नेता येतं का?

बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही, कारण नव्या लॅपटॉपसोबत विंडोज येतं. जुन्यासोबत आलेलं विंडोज ओईएम (लॅपटॉप बनवणाऱ्यानंच घालून दिलेलं) असतं आणि ते त्याच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. ते निघत नाही.

अडचण येते ती स्वस्त पडतो म्हणून विंडोजशिवाय, म्हणजे डॉस किंवा फ्रीडॉसवाला लॅपटॉप घेतला की. तुमच्याकडे विंडोजची वेगळी विकत घेतलेली रिटेल प्रत असेल तर ती जुन्यावरून काढून नव्यावर लावता येते. प्रत कोणती ते कळायला जुन्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, लगेच डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. उघडणाऱ्या चौकटीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यातला एक शब्द दिसतो. व्हॉल्यूम दिसलं तर प्रश्न १७ वाचा.

जुनी विंडोज ७ किंवा ८ ची की (लायसन्सचा अक्षर-आकडी नंबर) विंडोज ११ ला लावायचा मार्ग मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये बंद केला. विंडोज १० चा मोफत आधार (कंपनीचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुनी की जपून ठेवून नव्या मशीनवर विंडोज १० टाकायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं त्यावर तर नाहीच.

५. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं काय? जुन्यात वर्ड-एक्सेल चालतंय, नव्यात पैसे मागतंय.

तुमचं ऑफिस कोणतं, यावर उत्तर ठरतं. ३६५ असेल तर नव्यावर त्याच खात्यानं साइन इन करा, झालं. एक माणूस एका वेळी ५ उपकरणांवर साइन इन राहू शकतो. फॅमिली योजनेत असे ६ जण. मर्यादा भरली तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन जुनं मशीन साइन आउट करता येतं, त्यासाठी जुना लॅपटॉप हातात असायची गरज नाही.

एकदाच पैसे भरून वेगळं घेतलेलं ऑफिस (होम अँड बिझनेस वगैरे) एका वेळी एकाच पीसीसाठी असतं. ते तुमच्याच दुसऱ्या पीसीवर नेता येतं, पण आधी जुन्यावरून काढावं लागतं, आणि मशीन बिघडल्याशिवाय असा बदल ९० दिवसांत एकदाच करता येतो.

लॅपटॉपच्या खोक्यावर "ऑफिस होम अँड स्टुडंट सोबत" असं लिहिलेलं असेल तर ते त्या लॅपटॉपपुरतंच. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं ऑफिस हेच असतं आणि त्यांना वाईट वाटतं. पण नवा लॅपटॉप घेताना त्याच्यासोबतही असं ऑफिस मिळतंय का, हे आधी विचारलं तर वेगळा खर्च वाचतो.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती बंद पडलेली नाहीत, फक्त सुरक्षेची अपडेट येत नाहीत. नव्या मशीनवर ती पुन्हा बसवायला वेळ घालवण्यात अर्थ नाही.

६. नोंदणी कोणत्या ईमेलवर आहे ते मला माहीतच नाही. दुकानदारानं सगळं करून दिलं होतं.

हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात घडतं आणि यातून होणारं नुकसान खरं असतं. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसतो किंवा पासवर्ड आठवत नसतो, घाई असते, म्हणून बसवून देणारा आपल्याच जीमेलवर किंवा तिथल्या तिथे काढलेल्या एखाद्या ईमेलवर नोंदणी करून टाकतो. त्या दिवशी काम होतं. चार वर्षांनी तो मुलगा दुसरीकडे नोकरीला गेलेला असतो, आणि पैसे भरलेल्या माणसाला आपलंच लायसन्स मिळत नाही.

जुना लॅपटॉप चालू असेल तर ईमेल शोधता येतो. वर्ड उघडून फाइल मेनूत अकाउंटवर जा, तिथे खातं दिसतं. क्रिएटिव्ह क्लाउडच्या अॅपमध्ये उजवीकडे वर तुमच्या खात्याचं चिन्ह असतं. टॅलीत लायसन्सच्या माहितीत सिरीयल नंबर आणि अकाउंटचा ईमेल येतो. त्या माणसाला गाठून, त्याच्यासमोर बसून, खात्याचा ईमेल, मोबाइल आणि पासवर्ड आपला करून घ्या. माणूस सापडत नसेल तर तुमच्या नावाचं बिल आणि सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या मदत केंद्राकडे जावं लागतं, आणि बिल नसेल तर तिथेही ते अडतं.

नव्या खरेदीला एक नियम पाळा: बसवून देणारा कोणीही असो, ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला पाहिजे.

७. टॅली नव्या लॅपटॉपवर कसं न्यायचं?

तीन कामं, याच क्रमानं.

आधी डेटा. टॅलीप्राइममध्ये वर डेटाच्या मेनूत बॅकअप आहे, तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. शिवाय टॅलीचं डेटा फोल्डर तसंच्या तसं वेगळं कॉपी करा. त्यात आकडी नावांची फोल्डर दिसतील, १०००० सारखी. एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून दोन्ही घ्यायचे.

मग लायसन्स सोडणं. एफ१ दाबून मदतीचा मेनू, त्यात सेटिंग्ज, त्यात लायसन्स, आणि तिथे सरेंडर. टॅलीचा आयडी आणि पासवर्ड विचारतो. सरेंडर झालं की जुनं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जातं; घाबरू नका, डेटा जागेवर असतो.

शेवटी नव्यावर टॅली बसवून लायसन्स रीअॅक्टिव्हेट करायचं. अनलॉक की नोंदलेल्या ईमेलवर येते, म्हणून प्रश्न ६ आधी सोडवलेला असावा. मग डेटा फोल्डरचा पत्ता दाखवून किंवा बॅकअप रीस्टोअर करून कंपनी उघडा. जुन्या आणि नव्या मशीनवरचा ताळेबंद आणि रोख शिल्लक शेजारी शेजारी ठेवून जुळवा. हे न करता जुना लॅपटॉप फॉरमॅट करणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, तेव्हा जुन्या वर्षांच्या कंपन्याही नव्यावर उघडून बघा.

एक सावधगिरी: नव्या आवृत्तीत डेटा एकदा बदलून घेतला की तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. बॅकअपची मूळ प्रत तशीच ठेवा.

८. टॅली बसलं, पण १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी घेतंय. व्हायरस आहे का?

नाही. हा एज्युकेशनल मोड आहे, म्हणजे लायसन्स लागलेलं नाही. बहुतेक वेळा कारण असतं टीएसएस, म्हणजे टॅलीच्या अपडेट-सेवेची मुदतीची वर्गणी. टॅलीचं लायसन्स कायमचं असतं, पण नव्या आवृत्त्या टीएसएस चालू असणाऱ्यांसाठीच असतात. तुमचं टीएसएस दोन वर्षांपूर्वी संपलं आणि नव्या लॅपटॉपवर आजची आवृत्ती उतरवून घेतली, तर ती लायसन्स मान्य करत नाही. टीएसएस भरा, किंवा तुमच्या टीएसएसच्या काळातली आवृत्ती बसवा. जुन्या लॅपटॉपवर कोणती आवृत्ती आहे ते सरेंडर करण्याआधी लिहून ठेवलेलं बरं.

९. माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटोशॉप-लाइटरूम दोन्ही लॅपटॉपवर एकदम चालेल का?

क्रिएटिव्ह क्लाउडचं वैयक्तिक लायसन्स दोन मशीनवर साइन इन राहतं, पण वापरायचं एका वेळी एकावर. तिसऱ्यावर साइन इन केलं की आधीच्यातून बाहेर पडायला सांगतं. त्यामुळे बदलाच्या काळात फार त्रास नाही.

त्रास होतो तो लायसन्सच्या बाहेरच्या गोष्टींचा. लाइटरूमचा कॅटलॉग ही वेगळी फाइल असते. ती नेली नाही तर फोटो असतात, पण केलेली सगळी दुरुस्ती दिसत नाही. फोटोशॉपच्या अॅक्शन आणि ब्रशही वेगळे न्यावे लागतात. विकत घेतलेल्या प्लगइनांचं लायसन्स वेगळं, त्यांना अडोबीच्या खात्याशी देणंघेणं नसतं. आणि अल्बम डिझाइनची बरीचशी सॉफ्टवेअर डोंगलवर चालतात, ती प्रश्न ११ मध्ये.

सीडीवर घेतलेल्या जुन्या क्रिएटिव्ह सूटवाल्यांनी जपून राहावं. त्यातल्या काही आवृत्त्यांचे अॅक्टिव्हेशन सर्व्हर अडोबीनं बंद केले आहेत. जुन्यावर चालतंय म्हणून नव्यावर चालेलच असं नाही. जुनं डीअॅक्टिव्हेट करण्यापूर्वी तुमच्या आवृत्तीबद्दल खात्री करा.

१०. ऑटोकॅड?

सदस्यत्वाचं असेल तर ते खात्याशी असतं: बसवा, साइन इन करा. जुन्या कायमच्या लायसन्सची विक्री ऑटोडेस्कनं २०१६ मध्येच थांबवली. ज्यांच्याकडे अजून तसं आहे त्यांनी लायसन्स ट्रान्सफर युटिलिटीनं ते जुन्या मशीनवरून बाहेर काढल्याशिवाय काहीही करू नये. विद्यार्थ्यांचं मोफत लायसन्स शिकण्यापुरतं आहे. नगरपंचायतीला सादर करायचे नकाशे त्यावर काढू नयेत.

११. श्रीलिपीचा (किंवा इतर कशाचा) डोंगल नव्या लॅपटॉपला लावला, तरी "लॉक सापडत नाही" येतं.

आधी ड्रायव्हर. डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. बऱ्याच लॉकना, विशेषतः हॅस्प आणि सेंटिनेल प्रकारातल्या, डोंगल काढून ठेवून ड्रायव्हर बसवायचा, मशीन रीस्टार्ट करायचं आणि मग डोंगल लावायचा असा क्रम असतो. जुन्या सीडीतला ड्रायव्हर विंडोज ११ वर बसेलच असं नाही. कंपनीकडून ताजा घ्या. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतील तर चांगला हब वापरून यूएसबी डोंगल चालतो.

मग डोंगलकडे नीट बघा. उजेडात धरून त्याच्या धातूच्या तोंडात डोकावलं की चार पट्ट्या दिसतात. आपल्याकडच्या हवेत त्यांच्यावर हिरवट-काळी पुटं चढतात, आणि मग जुन्या लॅपटॉपला सवयीनं लागणारा लॉक नव्या घट्ट पोर्टला लागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हातानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लेडनं खरवडू नका. काम नसेल तेव्हा डोंगल सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. पावसात तर ठेवाच.

खूप जुना लॉक प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टचा असेल तर नव्या लॅपटॉपला तो लागत नाही. यूएसबीचं प्रिंटर कन्व्हर्टर लावूनही असे लॉक सहसा चालत नाहीत. कंपनीकडे जुना लॉक देऊन यूएसबीचा मिळतो का, हेच विचारावं लागतं.

डोंगल हरवू नका. बिघडलेला लॉक परत केला तर बऱ्याच कंपन्या बदलून देतात, पण हरवलेल्याला सहसा नवी खरेदी धरतात. बाजारात "डोंगलशिवाय चालवून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांचं उत्तर प्रश्न २० मध्ये.

श्रीलिपीत केलेल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतील तर त्यांचे फॉन्ट नव्यावर बसल्याशिवाय त्या अगम्य अक्षरांत उघडतात. फाइल खराब झालेली नसते.

१२. टेंडर भरायचा डिजिटल सहीचा टोकनही असाच डोंगल आहे का?

दिसायला सारखा, पण वेगळा. त्यात सॉफ्टवेअरचं लायसन्स नसून तुमची सही असते. ती टोकनमधून कॉपी होत नाही आणि करायची गरजही नाही. नव्या लॅपटॉपवर त्या टोकनचा ड्रायव्हर बसवा, जीएसटीसाठी ईएमसायनर (पोर्टलवर सही करायचं सॉफ्टवेअर) बसवा, टोकन लावा. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतो. आणि ड्रायव्हरच्या मेनूतल्या "इनिशियलाइज" ला कधीही हात लावू नका. त्यानं सही पुसली जाते आणि नवी काढावी लागते. टेंडरच्या शेवटच्या दिवशी हे झालेले लोक मी पाहिले आहेत.

१३. अँटीव्हायरसचे आठ महिने शिल्लक आहेत.

की लिहून घ्या, नेट चालू ठेवून जुन्यावरून अनइन्स्टॉल किंवा डीअॅक्टिव्हेट करा, नव्यावर तीच की टाका. नव्या लॅपटॉपवर आलेला चाचणीचा अँटीव्हायरस आधी काढा. दोन एकदम ठेवू नका.

१४. पूर्ण हार्ड डिस्कच क्लोन करून (हुबेहूब प्रत काढून) नव्यात टाकली तर?

फाइलींसाठी ठीक, लायसन्ससाठी नाही. विंडोज, टॅली आणि तशी इतर सॉफ्टवेअर मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांवरून मशीन ओळखतात. क्लोन सुरू झाला तरी ही ओळख बदललेली असते, आणि लायसन्स पडतं. पीसीमूव्हरसारखी सॉफ्टवेअर प्रोग्रॅम हलवून देतात, पण अॅक्टिव्हेशन पुन्हा करावंच लागतं. विंडोजचं स्वतःचं बॅकअप अॅप फाइली आणि सेटिंग्ज आणतं, विकतचे प्रोग्रॅम नाही. क्लोन करणारच असाल तर आधी प्रत्येक लायसन्स जुन्यावरून सोडून मग क्लोन करा.

१५. लॅपटॉप पाण्यात गेला, चालूच होत नाही. लायसन्स गेलं का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्या पुरानंतर हा प्रश्न फार जणांपुढे उभा राहिला. उत्तर प्रकारावर अवलंबून आहे (प्रश्न २).

खात्याचं लायसन्स सुरक्षित आहे. दुसऱ्या मशीनवरून खात्यात जाऊन जुनं साइन आउट करा. टॅलीसारखं असेल तर सिरीयल नंबर घेऊन कंपनीला किंवा तुमच्या टॅली पार्टनरला मशीन गेल्याचं कळवा. त्यांच्याकडून लायसन्स मोकळं होतं. डोंगल पाण्यात गेला असेल तर चालू मशीनला लगेच लावू नका, उघड्या हवेत नीट वाळवून, प्रश्न ११ प्रमाणे पुसून मग लावा. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज आणि ऑफिस मात्र गेलं.

डिस्क काढून डेटा मिळवताना हल्ली एक नवी अडचण येते. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकरनं कुलूपबंद झालेली असते. ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ते खातं दुसऱ्याच्या नावावर असेल तर डेटाही अडकतो. म्हणून नवा लॅपटॉप घेतल्याच्या आठवड्यातच ती की कागदावर उतरवून बिलांच्या फाइलीत ठेवा. बिलांची फाइल जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका.

१६. जुना चालू होतो, नेट आहे, तरी सरेंडर किंवा साइन इन होत नाही.

उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बरीच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं मग जुळत नाहीत आणि "कनेक्ट होऊ शकत नाही" एवढंच दिसतं. तारीख-वेळ बरोबर करा, वेळेचा विभाग भारताचा ठेवा आणि पुन्हा करून बघा. यानंही झालं नाही तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघा. काही ठिकाणचं राउटर लायसन्सचे सर्व्हर अडवतं. विंडोज ७ वरच्या मशीनला नव्या सर्व्हरशी बोलताच येत नाही असंही होतं, तेव्हा ते प्रश्न १५ सारखंच, मशीन गेलं असं धरून हाताळायचं.

१७. मुंबईच्या भावानं त्याच्या ऑफिसचा जुना लॅपटॉप दिला. त्यातलं ऑफिस माझ्या नव्यावर घेता येईल?

नाही. कंपन्यांची लायसन्स व्हॉल्यूमची असतात, ती कंपनीची, भावाची नव्हेत. त्यांतली बरीचशी केएमएस पद्धतीनं चालतात: मशीननं १८० दिवसांच्या आत कंपनीच्या सर्व्हरशी बोलून मुदत वाढवून घ्यावी लागते. गावी आल्यावर तो सर्व्हर भेटत नाही, म्हणून सहा महिने छान चाललेलं ऑफिस एके दिवशी "अॅक्टिव्हेट करा" म्हणायला लागतं. शाळा-कॉलेजच्या ईमेलवर मिळालेल्या ३६५ चंही तसंच, कॉलेज संपलं की ते जातं. असा लॅपटॉप घेताना तो कंपनीच्या यादीतून मोकळा केल्याचं पत्र भावाकडून घ्या. नाही तर फॉरमॅटनंतर तो पुन्हा कंपनीचंच साइन इन मागू शकतो.

१८. आमच्या संस्थेचा फॉक्सप्रोतला जुना काळ्या पडद्याचा प्रोग्रॅम आहे. तो विंडोज ११ वर चालेल?

थेट नाही. डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. डॉसबॉक्समध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिट विंडोज टाकून बरेचदा चालवता येतो, पण त्या विंडोजचंही लायसन्स लागतं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडताना घाम निघतो. माझा सल्ला: असा प्रोग्रॅम जुनी माहिती बघण्यापुरता ठेवा, रोजचं काम नव्या सॉफ्टवेअरवर न्या. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींतली माहिती नव्यात आणता येते.

१९. नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगनचा आहे. सगळं बसलं, फक्त डोंगल आणि टोकन चालत नाहीत.

स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपवर विंडोजची एआरएम आवृत्ती असते. नेहमीचे प्रोग्रॅम ती रूपांतर करून चालवते, पण ड्रायव्हरचं रूपांतर होत नाही. डोंगल, सहीचा टोकन, जुना प्रिंटर यांना एआरएमचाच ड्रायव्हर लागतो आणि जुन्या उपकरणांना तो बहुधा नसतो. बॅटरी कितीही टिकत असली तरी डीटीपीवाले, ठेकेदार आणि सीए यांनी इंटेल किंवा एएमडीचाच घ्यावा. घेऊन झाला असेल तर परत करायची मुदत आहे का ते आजच बघा. मॅक घेणाऱ्यांनाही हेच लागू. टॅली तर मॅकवर थेट चालतच नाही.

२०. ऑनलाइन अगदी स्वस्तात की मिळते, क्रॅकही मिळतो. एवढं सगळं कशाला?

स्वस्त की बहुधा कोणा कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेली असते आणि कधीही बंद होते. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग असतं. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरण्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून दंड कमी करू शकतं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची स्वतःपुरती बॅकअप प्रत काढायला तोच कायदा कलम ५२ मध्ये परवानगी देतो. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस, जिंप, इंकस्केप मोफत आहेत आणि युनिकोड मराठी त्यांत व्यवस्थित चालतं.

२१. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर तालुक्यातल्याच एकानं करून दिलं होतं. ते हार्ड डिस्कच्या नंबरला लॉक आहे आणि तो आता फोन घेत नाही.

काजू कारखाने, पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, सगळीकडे हे आहे, आणि यावर सोपा उपाय नाही. जुनं मशीन चालतंय तोवर त्यातले सगळे अहवाल वर्षवार एक्सेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये काढून घ्या: खातेवही, येणी, साठा, सभासदांची यादी. डेटाबेसची फाइल दोन ठिकाणी कॉपी करा. जुनी डिस्क मरायला टेकली असेल तर एखाद्याला दाखवून तिची पूर्ण हुबेहूब प्रत (इमेज) करून घ्या, पण लॉक डिस्कच्या नंबरवर असल्यानं ती दुसऱ्या मशीनवर चालेल असं धरू नका. मशीन नेटपासून तोडून, यूपीएसवर, फक्त जुनं बघायला ठेवा. नवं करून घेताना करारात लेखी घ्या की लायसन्स दुसऱ्या मशीनवर हलवायची सोय तुमच्या हातात असेल आणि डेटा उघडता येईल अशा स्वरूपात मिळेल.

२२. सगळं नव्यावर आलं. आता जुना मुलीला अभ्यासाला द्यायचा आहे, काय काय करू?

खात्यांमधून साइन आउट करा: मायक्रोसॉफ्ट, अडोबी, ऑटोडेस्क, ब्राउझर. टॅली आणि अँटीव्हायरस सोडल्याची खात्री करा. डोंगल आणि टोकन काढून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या बॅगेतच राहिलेला टोकन शोधायला लोक आमच्याकडे येतात. मग विंडोजच्या सेटिंग्जमधून "रीसेट" करा, फाइलींसह सगळं काढा आणि ड्राइव्ह स्वच्छ करायचा पर्यायही निवडा. याला काही तास लागतात, म्हणून चार्जर लावून ठेवा. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज त्याचंच असल्यानं ते रीसेटनंतर आपोआप अॅक्टिव्हेट होतं, मुलीला वेगळं घ्यावं लागत नाही. त्यावर विंडोज १० असेल आणि लॅपटॉपला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असून प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असेल, तर विंडोज ११ मोफत मिळतं. खालचं झाकण किंवा टचपॅड वर उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. ती बदलल्याशिवाय लॅपटॉप मुलीच्या हातात देऊ नका.